दवविकर

हरितगृहाचं दार उघडून डॉ. इरावती केळुस्कर जागच्या जागी थबकल्या. दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीची तीन हजार रोपं हिरवीगार, टवटवीत वाढली होती. एकाही पानावर चिकट थेंब नव्हता.

मागोमाग डॉ. अन्वर तांबोळी धापा टाकत आले. गाठीरोगानं त्यांच्या फुप्फुसांत प्रथिनांच्या गुठळ्या होत होत्या. त्या विरघळवणारं विकर, म्हणजे एन्झाइम, त्यांनीच या रोपांच्या चिकट थेंबांतून वेगळं केलं होतं आणि त्याला दवविकर नाव दिलं होतं. रुग्णालयातले एकसष्ट रोगी आणि ते स्वतः त्याच्याच जोरावर श्वास घेत होते.

“इरा, थेंब कुठे गेले?”

“मी नत्रखत दिलं. अगदी थोडं. तुझा डोस वाढला होता रे... म्हटलं, रोपं लवकर मोठी होतील.”

“मोठी तर झालीत.”

“झाली, पण ती किडे भुकेपोटी खात नाहीत, अन्वर. साखर उन्हात स्वतःच बनवतात. कातळावरच्या मातीत नत्र नसतं, ते किड्यांच्या अंगातून घेतात. चिकट थेंब, विकर, सगळा खटाटोप तेवढ्यासाठी. मुळांशीच नत्र मिळालं, तर सापळा कशाला लावतील? मला हे ठाऊक होतं. इतक्याशा खतानं होईल असं वाटलं नाही.”

अन्वर स्टुलावर बसले. “माती बदलली तर?”

“नव्या पानांना सहा आठवडे लागतील.”

“साठा अकरा दिवसांचा आहे.” त्यांनी मान वर केली. “जिथून बी आणलं, तो कातळाचा सडा? तिथे कोण खत घालणार?”

सकाळी ते सड्यावर पोचले. अन्वर प्राणवायूची नळी नाकाला लावून जीपमध्येच बसले. तीन वर्षांपूर्वी उघडा कातळ होता तिथे गुडघाभर गवत माजलं होतं. गवत बाजूला सारत इरावती तासभर रांगल्या. दवबिंदू होते, पण हिरवे आणि कोरडे. कातळातल्या खळग्यात पावसाचं पाणी साचलं होतं. त्यात त्यांनी नत्रदर्शक पट्टी बुडवली. ती लगेच जांभळी झाली. कारखान्यांच्या आणि गाड्यांच्या धुरातलं नत्र पावसातून इथवर आलं होतं.

चिखलानं भरलेल्या हातांनी त्या जीपकडे परत आल्या. पट्टी पाहून अन्वरना काही विचारावं लागलं नाही.

“दुसरा सडा बघू,” त्या घाईघाईनं म्हणाल्या. “देवगडकडे जाऊ. आत्ताच निघू.”

“इरा,” अन्वर म्हणाले, “तिकडे पाऊस वेगळा पडतो का?”