मुकी चिमटी

जितक्या वेळा नाडी मोजावी, तितकी ती वाढायची. २०६१ सालच्या मिरजेत जुईलीला हे कोडं पडलं होतं. सकाळी शहाण्णव, दूध प्यायल्यावर एकशे चार, आणि आता दुपारी एकशे बारा. डॉक्टरांनी दोनदा तपासून हृदय ठणठणीत असल्याचं सांगितलं होतं, पण बाईसाहेबांचा भरवसा मनगटावरच्या नाडी मोजणाऱ्या पट्टीवर. चार वाजता खो-खोच्या संघाची निवड होती. त्या संघासाठी वर्षभर गुडघे फोडून घेतलेली ही पोर चादर ओढून पडली होती.

"नाना, मी जात नाही. पळताना काही झालं तर?"

तिचे आजोबा, नाना, मज्जातंतूंचे शास्त्रज्ञ. त्यांनी आपल्या प्रयोगाच्या डब्यातली एक चिमटी तिच्या कानाला लावली.

"टोचणार नाही. कानाच्या कातडीखाली व्हेगस मज्जातंतूची (मेंदू, हृदय आणि पोट यांच्यात निरोप नेणाऱ्या तारेची) एक फांदी असते. बाहेरूनच किंचित वीज देऊन तिला जागं करायचं. मग ती हृदयाला सांगते, जरा दमानं घे. आता श्वास सोड. आणखी सावकाश."

दहा मिनिटांत नाडी ब्याऐंशीवर आली. नानांनी ऐटीत मिशीवरून हात फिरवला.

तेवढ्यात टिपणीस हा घरचा यंत्रमानव खाकरला. त्याला खाकरायची काही गरज नव्हती, पण नानांच्या संगतीत सवय लागली होती. "नाना, ही मुकी चिमटी आहे. हिच्यात वीजच नाही."

प्रयोगात नाना निम्म्या लोकांना चालू चिमटी लावत, निम्म्यांना मुकी. गुण विजेचा की विश्वासाचा, हे त्याशिवाय कळणार कसं? कुठली कुणाला हे स्वतःलाही कळू नये म्हणून ते डोळे मिटून चिमटी उचलत. आजही सवयीनं त्यांनी तेच केलं होतं.

"मग नाडी उतरली कशी?" जुईली उठून बसली.

नाना आधी ओशाळले, मग खूश झाले. "सावकाश श्वास सोडलास, तेव्हा तीच तार जागी झाली. शिवाय दहा मिनिटं तू नाडीकडे पाहिलं नाहीस. आपण घाबरून मोजतो, भीतीनं ती वाढते, वाढली म्हणून आणखी घाबरतो."

"म्हणजे माझी धडधड खोटी होती?"

"खरीच होती, बाळा. तू तिचा अर्थ चुकीचा लावलास."

"आणि चालू चिमटी?"

"ती कुणाला, किती उपयोगी पडते, तेच तर शोधतोय. तू मोठी होईपर्यंत बरंच कळलेलं असेल."

जुईलीनं पट्टी काढून टिपणीसच्या मनगटावर चढवली आणि बूट घालून धूम ठोकली. पट्टीवर शून्य आकडा बघून टिपणीस हळूच खुर्चीत बसला.

संध्याकाळी ती धुळीनं माखून परतली. संघात नाव लागलं होतं.

"छातीत धडधडलं का गं?" नानांनी विचारलं.

"धडधडलं की. पळत होते ना."