हरकत आहे, काका

सावेडीतल्या मोबाईलच्या दुकानात मी स्क्रीनगार्ड लावून घ्यायला गेले होते. शेजारी एक उंच, सावळा मुलगा जुन्या फोनला नवी बॅटरी बसवून घेत होता. फोन सुरू झाला तसा त्याने एक व्हिडिओ लावून पाहिला — अंगणात धडपडत चालणारं बाळ. मी सहज नजर टाकली आणि… थबकले. व्हिडिओ आमच्या प्लेअरवर चालत होता.

आमचा म्हणजे, ठिकठिकाणची मराठी माणसं हौसेने बनवतात तो फुकटचा प्लेअर. त्यातला प्रत्येक बदल आधी फोरमवर मांडायचा, आणि हरकत घेणाऱ्याने स्वतः ‘मान्य’ लिहिल्याशिवाय तो आत घ्यायचा नाही, असा आमचा नियम. जुना व्हिडिओ फॉरमॅट काढून टाकावा, असं मी मांडलं होतं. त्याच्या कोडमध्ये भोकं होती. कुणी मुद्दाम बिघडवलेली फाईल पाठवली की थेट फोनमध्ये शिरकाव. हरकत कुणाची? ‘जुनाजाणता’ नावाच्या गृहस्थांची. फोरमवरच्या इतर चर्चांत, वायफायच्या सुरक्षेवरून, नेटवर्कच्या नव्या पत्त्यांवरून आमचं आधीही वाजलं होतं. मी त्यांना ‘काका’ म्हणायचे आणि मग मनसोक्त भांडायचे.

“हा फॉरमॅट अजून वापरता?” फाईलचं नाव पाहून, न राहवून मी विचारलं. “धोक्याचा आहे तो.”

त्याने वळून पाहिलं. डोळ्यांत आधी आश्चर्य, मग खट्याळपणा.

“असं एवढ्या ठामपणे एकच बाई म्हणते. तुम्ही… मधुवंती?”

“आणि तुम्ही — काका?”

“अजिनाथ. काका व्हायला जरा अवकाश आहे.”

माझे कान तापले. एवढे दिवस मी मनात ज्यांना शाल पांघरून बसवलं होतं, ते हातात हेल्मेट अडकवून माझ्यापुढे उभे होते. शिवाय देखणे होते, हे आणखीनच अन्यायाचं.

दुकानाबाहेर कोवळ्या उन्हात चहा घेताना तो बोलता झाला. गाव पाथर्डीकडचं. आईवडील ऊसतोडीला गेलेले. आईकडे त्याचा हा जुना फोन. त्यावर नवे फॉरमॅट अडखळतात. बाळ बहिणीचं, आजी तोडीवर असताना चालायला शिकलेलं. त्यांच्या टोळीकडे निघालेल्या गाडीतून फोन उद्या परत जाणार होता.

“अपडेट केलं तर आईला बाळ दिसणार न्हाई,” तो म्हणाला. “न्हाई केलं, तर फोनचं दार उघडं.”

“मग हे फोरमवर का नाही लिहिलंत?”

“तुम्ही गप्प बसला असता. आईला पुढं करून वाद नव्हता जिंकायचा. तुमचा मुद्दा खरा हाय… तेच तर लई अवघड जातंय.”

मला तो तिथेच आवडला. उगाच कशाला लपवू?

घरी येऊन मी प्रस्ताव मागे घेतला नाही; बदलला. जुना फॉरमॅट राहील, पण बंद खोलीत. व्हिडिओ दिसेल, मात्र त्या कोडचा हात फोनमधल्या दुसऱ्या कशालाही लागणार नाही. एरवी काढून टाकणं सोपं म्हणून मी काढून टाकत आले होते. या वेळी खूप खपले, दोनदा रडले, आणि तपासायला चाचणीची आवृत्ती जोडून फोरमवर मांडलं.

अजिनाथचं उत्तर येईना. एक दिवस गेला, मग आणखी काही. वाद संपला की हा माणूसही संपणार का, या धास्तीने मी दहा वेळा पान उघडत होते.

शेवटी त्याने खासगीत एक ध्वनिमुद्रण पाठवलं; चाचणीची आवृत्ती आईच्या फोनवर पोचवून तपासायला एवढे दिवस लागले होते. बाईचा आवाज, मागे बैलांच्या घुंगरांचा. “दिसतंय रं, अजिनाथा. कसं तुरुतुरु चालतंय… ज्या पोरीनं केलं तिला म्हनावं, लई बरं झालं.”

पाठोपाठ फोरमवर एकच शब्द आला — मान्य.

आणि खासगीत: “आता एक प्रस्ताव माझा. तुमच्याशी जन्मभर वाद घालायची इच्छा आहे. हरकत असल्यास कळवा.”

उत्तर मला ठाऊक होतं. तरी सवय ती सवय.

“एक हरकत आहे,” मी लिहिलं. “हे ‘तुम्ही’ आधी काढून टाकावं.”

“काढलं,” लगेच आलं. “आता सांग.”

मी लिहिलं, “मान्य.”