रिकाम्या गाडीचं वजन

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. चारचौघांत आजही तसंच सांगतो. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. मंगळवार, दुपारचे चार. रात्रबित्र काही नव्हती, चांगलं रणरणतं ऊन होतं. वजनकाट्यावर मी, दादा आणि काटेवाला, असे तिघं होतो.

निदान मी तरी तिघंच मोजले.

दादा माझा सख्खा थोरला भाऊ. छोट्या पिकअपमधून कार्यक्रमांना खुर्च्या-टेबलं पोचवतो. गाडीचं इंजिन कामातून गेलं, तेव्हा मी भंगारातून तसलंच दुसरं आणून बसवलं. गॅरेज माझं, हातही माझेच. "अपघातातल्या गाडीचं आहे," एवढं भंगारवाला बोलला. मी पुढे विचारलं नाही. आमच्या धंद्यात कुणी विचारत नाही. इंजिन फुटकं नाही ना, तेवढं बघायचं.

आठ दिवसांत दादा दारात हजर.

"काय राक्षस बसवलायस रे? नुसतं डिझेल ढोसते."

रिकामी गाडी लिटरला अठरा जायची. आता तेरा.

मला रागच आला. माझ्या कामाला नावं ठेवलेली मला खपत नाहीत. "पाय जरा हलका ठेव," म्हटलं. "दोष इंजिनचा नाही, तुझ्या बुटाचा आहे."

तरी गाडी ठेवून घेतली. नोझल बघितले, फिल्टर बदलला. ब्रेक चाकांना घासत नव्हते, चाकांत हवा बरोबर होती. टाकी काठोकाठ भरून स्वतः पन्नास किलोमीटर फिरवली आणि परत भरली.

बारा.

घोडं कुठे पेंड खातंय तेच कळेना. मग सहज मागे जाऊन वाकलो...

मागच्या स्प्रिंगांचे पाटे दबलेले होते. माल भरल्यावर दबतात तसे.

हौद्यात साधी दोरीसुद्धा नव्हती.

दादाला म्हटलं, "ही वजन ओढतेय."

तो थट्टा करेल असं वाटलं होतं. पण तो हळूच म्हणाला, "चढाला लागलो ना, की मागे कुणीतरी सरकून बसतं... मी आताशा मागे बघत नाही."

दादा उगाच घाबरणारा माणूस नाही.

तसेच वजनकाट्यावर गेलो. गाडीचं रिकामं वजन साडेबाराशे किलो. मी ऐंशी, दादा साठ. म्हणजे तेराशे नव्वद यायला हवं.

खिडकीतून काटेवाला ओरडला, "सोळाशे. मागे कोण बसलंय?"

"कुणी नाही," दादा म्हणाला.

"मग आधी तुम्ही दोघं उतरा बघू."

मी उतरलो. आकडा पंधराशे वीस झाला. बरोबर, माझे ऐंशी गेले.

मग दादा उतरला. दार लावून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

आकडा हलला नाही...

पंधराशे वीस.

काटेवाल्याने मशीनवर दोनदा थापटलं. दादा परत आत बसला. पंधराशे वीस. पुन्हा उतरला. पंधराशे वीसच. काटेवाल्याने आमच्याकडे न बघता खिडकी लावून घेतली.

"काय झालं रे त्याला?" दादाने विचारलं.

मी म्हटलं, "काटा बिघडलाय."

त्याच संध्याकाळी इंजिन उतरवलं आणि भंगारवाल्याच्या दारात टाकून आलो. का परत आणलं, हे त्याने विचारलं नाही. जुनंच दुरुस्त करून बसवलं. गाडी आता अठरा देते, पाटेही सरळ झालेत. दादा ठणठणीत आहे. दोन वेळ जेवतो, वहिनीशी भांडतो, मला टोमणे मारतो.

परवा त्याला बाइकवर मागे घेऊन निघालो. कोपऱ्यापर्यंत गेलो, तरी मागे वजनच जाणवेना... वाटलं, तो बसायच्या आतच मी बाइक काढली. थांबलो.

"दादा, बसलास ना?"

"कधीचा बसलोय," अगदी कानाशी आवाज आला.

आरशात बघायचा धीर झाला नाही. घर येईपर्यंत त्याला काहीबाही विचारत राहिलो. एक उत्तर संपलं की लगेच पुढचा प्रश्न.

वहिनी परवापासून विचारतेय, "भावजी, तुमचं काय बिनसलंय?"

इंजिन बसवलंही मीच, भंगारात टाकून आलोही मीच. तिला कोणत्या तोंडाने सांगू?