दोघांचा होकार

बघायचं नाही, असं मनाशी दहादा ठरवूनही असुन्ताने पडद्याची कड पुन्हा बाजूला सारलीच… आपल्या घराचा नवा धनी कोण, ही उत्सुकता दुःखाहूनही चिवट निघाली होती! बाहेर फुटपाथवर लिलाव पुकारणारा क्रेग हात उंचावून घराचं गुणगान करत होता आणि अर्धं ब्रन्सविक उपनगर, घर घ्यायचं नसतानाही, शनिवारची करमणूक म्हणून कॉफीचे पेले घेऊन जमलं होतं. समोरची डोमेनिका तर घडीची खुर्चीच घेऊन आली होती.

आतलं घर तिचं वाटतच नव्हतं. घराला चांगला भाव यावा म्हणून एजंटच्या माणसांनी तिचं सामान गॅरेजमध्ये कोंबून भाड्याचा सोफा मांडला होता, आणि आई जिथे टोमॅटोचा सॉस ढवळायची तिथे प्लास्टिकची लिंबं ठेवली होती. आपल्याच स्वयंपाकघरात ती पाहुणीसारखी अंग चोरून उभी होती.

रस्त्यापलीकडे गाडीत तिचा धाकटा भाऊ नुन्त्सियो बसला होता. आईच्या अंत्यविधीनंतर तो तिच्याशी एक शब्दही बोलला नव्हता. एक दिवस, घर विकायचा त्याचा निरोप घेऊन, थेट एजंटच दारात उभा राहिला. घर दोघांच्या नावावर. नुन्त्सियोचं चीज आणि खारवलेल्या मांसाचं दुकान बंद झाल्याचं कानावर आलंच होतं, तेव्हा तिने काय ते ओळखलं आणि 'एकटीला एवढं घर कशाला' असं हसून म्हणत सही केली. लग्नाविना, आईच्या सेवेत जिथे सारं आयुष्य सरलं, ती वास्तू तिने भावावरून ओवाळून टाकली होती! पण त्याने स्वतः येऊन मागितलं असतं तर… हे शल्य मात्र काही केल्या जात नव्हतं.

बोली चढत चढत एका रुंद टोपीवाल्या तरुणीवर येऊन अडकली. कोण असेल ही? परसातलं अंजिराचं झाड ठेवेल, की तोडेल? असुन्ता तिला न्याहाळत होती, इतक्यात क्रेग आत आला. बोली ठरल्या किमतीच्या खालीच राहिली होती. तरीही विकायचं असेल तर दोन्ही मालकांचा होकार हवा, असं त्याने सांगितलं.

"माझ्या भावाला विचारा. त्याची अडचण भागत असेल तर देऊन टाका."

क्रेग गर्दीतून वाट काढत गाडीकडे गेला तशा सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. तो परतला तो गोंधळलेलाच.

"ते म्हणतात, अडचण कसली? तुम्हालाच या घरात राहवत नाही, म्हणून तर ते विकतायत."

आपल्याला राहवत नाही?… आणि मग असुन्ताला आठवलं. शवपेटीपाशी रडता रडता ती भावजयीला म्हणाली होती, आता या घरात पाऊल ठेववणार नाही. दुःखाच्या भरातले ते शब्द त्याने जपून ठेवले होते!

लिलाव चालू असताना मालक कधी बाहेर येत नाहीत. असुन्ता आली. कुजबुजणाऱ्या गर्दीतून ती सरळ रस्ता ओलांडून गेली आणि तिने गाडीची काच ठोठावली.

"दुकान बुडालं ना रे तुझं?"

"बुडालं कुठलं? गुडघे गेले ताई, उभं राहवेना. म्हणून विकलं."

"मग घराचं मला तोंडाने विचारता आलं नाही? एजंट कशाला पाठवलास?"

नुन्त्सियोची नजर स्टिअरिंगवरून हलेना. "आईच्या शेवटच्या दिवसांत मी फिरकलो नाही. सगळं तू एकटीने केलंस… कुठल्या तोंडाने येणार होतो? तू दार उघडशील असं वाटलंच नाही."

तिचे डोळे भरून आले. मागे येऊन उभ्या राहिलेल्या क्रेगला तिने मान हलवून नकार दिला, नुन्त्सियोनेही दिला, आणि क्रेगने घर विक्रीतून मागे घेतल्याचं पुकारलं. टोपीवाली तरुणी निघून गेली. एवढा वेळ फुकट गेला म्हणून पुटपुटत डोमेनिकाने खुर्ची मिटली.

"सकाळपासून सारी परकी माणसं आत फिरून गेली रे," असुन्ता म्हणाली, "तूच तेवढा बाहेर बसून राहिलास."

नुन्त्सियोने गाडीचं दार उघडलं आणि गुडघे सावरत, तिचा हात धरून तो उतरला.