टिकलीभोवतीचं खळं

"हात पुढे करा."

सुचिताने मान वर केली. वॉर्डाच्या दारात एक उंच पोरगा उभा. तोंडावर मास्क, हातात हात धुवायच्या औषधाची बाटली.

"ओळख ना पाळख, अन् सरळ हातच?"

मास्कवरचे डोळे गोंधळले… मग हसले. "औषध चोळून घ्या म्हणतो. आतल्या पेशंटच्या जखमेतले जंतू लय हट्टी हायेत. हातावर बसून दुसऱ्या खाटेवर जातात."

"आतली पेशंट माही माय हाये."

डोळ्यांतलं हसू तिथंच थांबलं.

सुचिताच्या आईच्या, झुंबरबाईंच्या मोडल्या मांडीत सळई बसवली आणि मेहकरच्या याच दवाखान्यात जखमेत पू झाला. भारीतली भारी इंजेक्शनं झाली, पण जंतूंना ती जणू सरबतच. डॉक्टर म्हणाले, लागू पडणारं औषध सापडलं नाही तर पाय काढावा लागेल.

ते शोधायचं काम या पोराचं. भागवत त्याचं नाव, दवाखान्याच्या लॅबमधला. त्याने लॅबच्या खिडकीतून तिला काचेची बंद बशी दाखवली. बशीभर जंतूंची साय, तिच्यावर कागदाच्या बारक्या चकत्या.

"ह्या टिकल्या औषधाच्या. जे औषध चालते, त्या टिकलीभोवती जंतू मरतात, गोल जागा साफ होते."

"म्हणजे चंद्राले पडते तसं खळं?"

भागवत पाहतच राहिला. "आमच्या पुस्तकातल्या नावापेक्षा हे बरं हाये."

पण बशीत खळं नव्हतंच. त्याने बाहेरून वेगळ्या औषधांच्या टिकल्या मागवल्या. सुचिता रोज खिडकीशी यायची.

"खळं?"

तो मान हलवायचा. मग तिचा पडलेला चेहरा बघून, "हात धुतले?"

"धुऊ धुऊ रेषा पुसल्या माह्या. आता नशीब कुठं पाहू?"

"नवीन काढून देतो."

अशी थट्टा चालायची, आणि आत आई तापाने फणफणलेली…

एका सकाळी सुचिता नळावर डबा घासत होती. भागवत पळतच आला, मास्कबिस्क लॅबमध्येच विसरून.

"पडलं… खळं पडलं."

तिने त्याचा पूर्ण चेहरा पहिल्यांदाच पाहिला. त्याच्या गालावरही खळी होती! सुचिता रडता रडता हसायला लागली.

ते औषध सुरू झालं, ताप उतरला, जखम कोरडी पडत गेली. झुंबरबाईंनी भाकरीबरोबर ठेचा मागितला, तेव्हा सगळ्या वॉर्डाने सुटकेचा निःश्वास टाकला.

घरी जायच्या दिवशी आई दोन्ही पायांनिशी ऑटोत बसली. सामान ठेवायच्या निमित्ताने भागवत घुटमळला.

"माय बरी झाली. पण मले काही तरी झालं… कोणतंच औषध लागू पडून नाही राह्यलं."

"सगळ्या टिकल्या लावून पाह्यल्या?"

त्याने तिच्या कपाळाकडे पाहिलं. "ही एकच राह्यली."

ऑटोवाल्याने हॉर्न दिला. आतून झुंबरबाई म्हणाल्या, "काय असन ते बोल पोरी, माहा पाय अवघडला."

सुचिताने हात पुढे केला.

"धुतलेला हाये."