एकटा ठिपका

गोंदियाच्या त्या कार्यालयात समीक्षाला एकच काम होतं. उपग्रहाने काढलेली जंगलाची चित्रं संगणकावर उघडायची, कुठे किती जळलं ते रंगवायचं आणि नकाशा साहेबांच्या टेबलावर ठेवायचा. काम ती चोख करायची. भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर साहेब लोकांवरही फारसा उरला नव्हता.

या कामाला एक नियम असतो. चित्रातला सगळ्यात लहान चौकोन म्हणजे जमिनीवरचं एखादं अंगण. असा एकच काळा ठिपका एकटा दिसला, तर ती चूक धरायची आणि पुसून टाकायची. ढगाची सावली असेल, ओली माती असेल. एकट्याला विचारतो कोण?

एप्रिलमध्ये इटियाडोह धरणाच्या वरच्या अंगाला जंगल पेटलं आणि उदाराम त्यात गेला. रोजंदारीवर आग विझवणारा माणूस. हातात हिरवी फांदी देऊन त्याला हेमेंद्र साहेबांनीच धाडलं होतं, आणि आता तेच म्हणत होते, धाडलंच नाही. उलट आग त्यानेच लावली, मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळला आणि ती हाताबाहेर गेली. मेलेल्या माणसावर ढकलायला काय जातं? तो थोडाच उठून बोलणार आहे. भरपाईच्या सुनावणीत समीक्षाचा नकाशा ठेवायचा होता. आगीची सुरुवात उदारामच्या मोहाच्या झाडापाशी दाखवली, की त्याच्या बायकोला, अनुसयाबाईला, भरपाई तर नाहीच, वर नवऱ्याच्या नावाला कायमचा डाग.

"सुरुवात डांबरी रस्त्यापासून झालीय, सर," समीक्षा म्हणाली. "पहिल्या चित्रात स्वच्छ दिसतं. तिथलं गवत आपल्याच लोकांनी जाळलं होतं."

"छोडो ना मॅडम. रस्त्याकडचा तुकडा काढून टाका. कोण बघतंय?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नोकरी नवी होती. तिने नकाशा आहे तसा बाजूला ठेवला.

दिवाळीआधी आभाळ निवळलं. जंगल कितपत सावरलं ते बघायला तिने नवं चित्र उघडलं. सगळं हिरवंगार होतं, आणि मधोमध एक काळा ठिपका. उदारामच्या मोहावर. ताज्या आगीचा रंग. ओल्या रानात आग कुठली? तिने नियमाप्रमाणे पुसला.

पुढच्या चित्रात तो नाल्याच्या अलीकडे होता. पुसला. त्याच्या पुढच्या चित्रात डांबरी रस्त्याच्या कडेला.

ढगाची सावली अशी वाट धरून चालत नाही. समीक्षा अनुसयाबाईला सोबत घेऊन रस्त्याकडेच्या त्या जागेवर गेली.

गुडघाभर गवतात एक मोठं गोल रिंगण स्वच्छ झाडलेलं होतं. मातीवर खराट्याचे ओरखडे दिसत होते. राख कुठेच नव्हती. समीक्षाने जमिनीला हात लावला. नुकत्याच विझवलेल्या चुलीसारखी ऊब होती.

अनुसयाबाई ओरखड्यांपाशी वाकली. "असंच झाडे तो," ती म्हणाली. "पह्यले भोवताल रिंगण झाडाचं, मंग मधातला पाला पेटवाचा. इझेपर्यंत जागचा हालत नव्हता, बाई. तो आग सोडून जाईन कायले?"

"पण इथं मोह नाही ना, काकू."

"नाही ना." तिने पदर डोक्यावर ओढला आणि हनुवटीने रस्ता दाखवला. "तो जाऊन राहिला."

त्या दिवसापासून समीक्षाने ठिपका पुसणं सोडलं. तो सौंदडच्या रुळांअलीकडे दिसला, मग रुळांपलीकडे, पिकलेल्या धानाच्या बांधावर. भोवतालचं एक पातं जळलेलं नव्हतं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी साहेब तिच्या टेबलापाशी आले. रस्त्याकडचा तुकडा अजून तसाच होता.

"काढला का नाही?"

"नाही काढणार, सर. माणूस होता तो. तुम्ही धाडलेला."

साहेबांनी तिच्या हातून माउस ओढून घेतला, तुकडा स्वतः पुसला, शेजारच्या नव्या चित्रातला एकटा ठिपकाही पुसला आणि नकाशावर सही ठोकली.

सकाळी नवं चित्र आलं होतं.

ठिपका गोंदियालगतच्या फुलचूरमध्ये होता. वस्तीत. ते छप्पर तिच्या ओळखीचं होतं.

तिने फोन लावला. साहेबांनी लगेच उचलला.

"मॅडम, आमचं अंगण कोणीतरी झाडून गेलंय."

"कसं झाडलंय?"

"गोल. अख्खं घर मध्ये धरून." ते थांबले. "आणि दारात पाल्याचा ढीग आहे. वाळलेला. मोहाचा वाटतो."

या दिवसांत मोहाचा पाला वाळत नाही. समीक्षाने ते सांगितलं नाही.

"जमीन गरम आहे हो," साहेब हळूच म्हणाले.

"सर, रस्त्याकडचा तुकडा परत लावू?"

"लावा. लावा लवकर."

तिने तुकडा लावला, नकाशा सुनावणीला पाठवला आणि तसं साहेबांना सांगितलं. पलीकडून आता फक्त खराट्याचा आवाज येत होता, सावकाश, कधी जवळ, कधी लांब, घराभोवती फिरणारा.

तो थांबला नाही.