दहाव्या रांगेतले मुके डोळे

"अकरा वर्षांत माझ्या नवऱ्यानं दारूला हात लावला नव्हता," मारिनेस म्हणाली. "आणि तुमच्या कागदात लिहिलंय, तो दारू पिऊन मेला."

"माझ्या नव्हे, पोलिसांच्या." डेल्मिरा ब्रांदाऊनं कागदाची घडी घालून तो परत दिला.

वीस वर्षं ती ब्राझीलमधल्या पेत्रोलिनात कामगार निरीक्षक होती. निवृत्तीनंतर लोकांच्या अडलेल्या गोष्टींचा तपास करायची. तिची जुनी गाडी चालवायचा तिचा दीर ओतोनिएल. एके काळचा हवालदार. सगळं समजायचं त्याला, पण जरा उशिरा.

घटना साधी होती. बारा दिवसांपूर्वी, गुरुवारी संध्याकाळी, द्राक्षमळ्यातला मजूर अदाइल्तोन प्रार्थनेला निघाला आणि चर्चच्या पायरीवर कोसळला. तोंड, मान लालबुंद. छाती भात्यासारखी. तोंडाला दारूचा वास. सगळ्या मंडळीनं पाहिलं.

"त्या दिवशी तो गाणार होता," मारिनेस म्हणाली. "घसा बसला होता, तरी जातो म्हणाला. पाद्रीबाबांनी अंत्यविधीला एक भजनसुद्धा म्हणू दिलं नाही."

ओतोनिएलला खोकल्याची उबळ आली. मारिनेसनं फळीवरच्या अदाइल्तोनच्या छातीच्या गोळ्या बाजूला सारून मागची तपकिरी बाटली काढली आणि त्याला चमचाभर औषध दिलं.

"बाजारातल्या मुळ्यावालीकडचं आहे. औषधी मुळ्या आणि मध."

औषध घसा चिरत गेलं. ओतोनिएलचे कान तापले. "आलं बरंच घातलेलं दिसतंय," तो डोळे पुसत म्हणाला. डेल्मिरानं बाटली उचलून क्षणभर नाकाशी धरली आणि जागेवर ठेवली.

मळ्यात ऊन मी म्हणत होतं. नुकती छाटणी झालेल्या मांडवाखाली सावलीही नव्हती. मुकादम वांदेर्लेनं हजेरीची वही उघडून दाखवली.

"हे बघा, दोना डेल्मिरा. गुरुवार. अदाइल्तोन आणि जुसेलिओ, रांग एक ते नऊ, काड्या बांधणे."

"काड्यांवरच्या डोळ्यांना कोंब फुटावेत म्हणून लावतात ते औषध कुणी लावलं?"

"या खेपेला लावलंच नाही. मालक नको म्हणाले."

डेल्मिरा मान वर करून रांगेरांगेनं चालली. नवव्या रांगेपर्यंत प्रत्येक काडीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पोपटी फूट होती. दहावीपासून पुढं फक्त शेंड्याला एखाद-दुसरा कोंब. मागचे डोळे मुके.

"छाटणी सगळी एकाच दिवशी?"

"हो, बुधवारी."

"वहिनी, मान दुखेल," ओतोनिएल म्हणाला.

"दुखू दे. तू पण बघ जरा."

त्यानं पाहिलं. द्राक्षाची वेल होती, आणखी काय!

जुसेलिओ रस्त्याकडेच्या गुत्त्यात भरदुपारी उसाची दारू पीत बसला होता. पेला धरलेल्या बोटांची साल निघालेली.

"गुरुवारी संध्याकाळी कुठं होतास?"

"इथंच. या म्हाताऱ्याला विचारा."

गुत्तेवाला फिदीफिदी हसला. "होता की! पण ग्वारानाचं सरबत पीत होता, बाई! तीन दिवस साधू झाले होते साहेब. मला वाटलं, आता दुकान बंद करावं लागणार."

"पोट बिघडलं होतं," जुसेलिओ पेल्यात बघत म्हणाला.

बाहेर येताच ओतोनिएल कुजबुजला, "यानंच मस्करीत पाजली असणार त्याला."

"यानं? अरे, हा स्वतः घाबरून सरबत पीत होता."

दुसऱ्या दिवशी माल भरायच्या शेडमध्ये डेल्मिरानं मुकादम, जुसेलिओ आणि मारिनेस अशा तिघांना बसवलं. मारिनेस काळ्या कपड्यांत आली होती.

"आपल्याकडं थंडी नाही," डेल्मिरानं सुरुवात केली. "औषधाशिवाय शेंड्याचे डोळे फुटतात, मागचे झोपून राहतात. एक ते नऊ रांगा एकसारख्या फुटल्यात. म्हणजे तिथं औषध लागलं. त्या रांगांत दोघंच होते. वांदेर्ले, तुमची वही खोटं बोलतेय."

डेल्मिरा जुसेलिओकडं वळली.

"हातमोजे नव्हते. जुसेलिओची बोटं बघा. आणि या औषधाचा एक गुण मी निरीक्षक असताना पाहिलाय. ते अंगात भिनलं की पुढचे काही दिवस दारूचा घोटही विष होतो. तोंड लाल होतं, रक्तदाब कोसळतो. छातीच्या गोळ्या घेणारा माणूस जातो. जुसेलिओनं दारू का सोडली होती? त्याला कुणीतरी बजावलं होतं म्हणून."

"मीच सांगितलं त्याला," वांदेर्ले एकदम बोलला. "कारण तो पितो! अदाइल्तोन भजनं म्हणणारा माणूस. त्याला काय सांगायचं होतं? तो मेला, मग मी घाबरलो. काम थांबवलं, वही बदलली."

"हे लिहून द्याल?"

"नाही."

"तू, जुसेलिओ?"

"उद्या मला इथंच कामाला यायचंय, दोना."

डेल्मिरानं मान हलवली. तिला हेच उत्तर येणार हे ठाऊक होतं. वेलींची साक्ष तेवढी उरली होती, आणि पंधरवड्यात सगळा मांडव पानांनी झाकणार होता.

"पण मग दारू?" मारिनेसनं विचारलं. "दारू कुणी पाजली त्याला?"

वहिनींनी आता खोटं बोलावं, असं ओतोनिएलला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. कालचा घशातला जाळ त्याला आता समजला होता.

डेल्मिरा तिच्याजवळ जाऊन बसली. "मुळ्यावाली त्या मुळ्या दारूत भिजवते, मारिनेस. वरून मध घालते. तुला माहीत नव्हतं. त्यालाही नव्हतं."

बाहेर कुणीतरी मोकळी खोकी एकावर एक रचत होतं.

"तो नको म्हणत होता," मारिनेस म्हणाली. "वास बरा नाही म्हणाला. मी म्हटलं, आज गायचंय ना? आणि नाक दाबून अर्धा कप पाजला."

तिनं स्वतःच्या हाताकडं पाहिलं.

"हसत होता तो."